वेगाची शाळा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या ग्रुपवर माझा हेल्मेट घातलेला फोटो आला, तेव्हापासून मला दोनच प्रश्न विचारले जातायत. पहिला, ‘या वयात हे काय सुचलं?’ दुसरा जरा बाजूला घेऊन, हळू आवाजात: ‘आमच्या मुलालाही हेच वेड आहे. रात्री गाडी घेऊन एक्स्प्रेसवेवर जातो. काय करावं?’ पहिल्याला उत्तर एकच, हौस. आज बोलायचंय ते दुसऱ्यावर.

मोटार शर्यतीची सुरुवात गाडी विकत घेऊन होत नाही, शाळेत नाव घालून होते. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय म्हणजे नारायण कार्तिकेयन. ते साल २००५. पण १९९२ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो फ्रान्समधल्या विनफिल्ड रेसिंग स्कूलमध्ये शिकायला गेला होता. वडील स्वतः रॅलीतले नामवंत चालक, तरी मुलाला शाळेत घातलंच.

आता त्यासाठी फ्रान्स गाठायला नको. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे ट्रॅक आहे, कोइमतूरजवळ चेट्टीपालयमला कारी मोटर स्पीडवे आहे. हे ‘कारी’ म्हणजे एस. करिवर्धन. मारुती ८००चं इंजिन बसवून त्यांनी एका माणसाची शर्यतीची गाडी बनवली आणि साध्या हौशी माणसाला हा खेळ परवडेल अशी वाट काढली. अशा ट्रॅकवर प्रशिक्षण शाळा भरतात. गाडी शाळेचीच असते. मी कोइमतूरला गेलो. वर्गात बाकीची सगळी विशीतली मुलं, आणि मी.

पहिले काही तास गाडीला हात लावायला मिळाला नाही. फळा आणि खडू! फळ्यावर काय, तर गतिज ऊर्जा. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, म्हणून थांबायला अंतरही चौपट लागतं. ताशी ६० वरून थांबायला जेवढं अंतर लागतं, त्याच्या चौपट १२० वरून. सर, हे तुम्ही आम्हाला नववी-दहावीत शिकवलं होतं. मी पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. तिथे ते पायाला कळलं.

दुसरा धडा टायरचा. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. सगळा ब्रेकवर खर्च केलात, तर वळायला काही उरत नाही. आमच्या गाडीला एबीएस नव्हतं. जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम होतात आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरत जाते. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी. वळणात बाहेरून शिरायचं, आतल्या कडेला टेकायचं, पुन्हा बाहेर निघायचं. त्यामुळे वळणाची त्रिज्या वाढते आणि तेवढ्याच पकडीत जास्त वेग झेपतो. आत हळू गेलेला माणूस बाहेर लवकर पडतो, हे घड्याळच दाखवतं.

तिसरा धडा डोळ्यांचा. गाडी नजरेमागे जाते. भिंतीकडे बघाल तर भिंतीवर जाल, म्हणून वळणात शिरतानाच पुढची बाहेर पडायची जागा बघायची.

आणि झेंडे. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल म्हणजे सगळं थांबलं. काळा म्हणजे मुकाट्याने पिटमध्ये या. तुम्ही कितीही वेगात असा, मार्शलने झेंडा दाखवला की मान्य करायचाच. प्रशिक्षक तुमच्या वेळेपेक्षा हे आधी बघतात.

आता मित्रांनो, तुमच्या प्रश्नाकडे येतो. एक्स्प्रेसवेवर झेंडा दाखवणारं कोणी नसतं. ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, कडेला मोकळी जागा असते, टायरची भिंत असते, रुग्णवाहिका चालू स्थितीत उभी असते. अंगात आग न लागणारा सूट, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पट्टे. रस्त्यावर यातलं काही नाही, आणि शिवाय दुसऱ्याच्या घरची माणसं आहेत.

म्हणून मुलाच्या हातातली चावी नुसती काढून घेऊ नका, तो दुसऱ्याची आणेल. त्याला आधी गो-कार्टिंगला न्या. टिकला तर शाळेत घाला. पुढे शर्यतीत उतरायचं असेल तर एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचा परवाना लागतो, त्याची वाट शाळेतच कळेल. फॉर्म मात्र नीट वाचा. गाडी ठोकली तर दुरुस्ती कोणी द्यायची, हे त्यात लिहिलेलं असतं. खेळ स्वस्त नाही, हे मुलालाही आधीच सांगा.

एक सांगतो. तिथून परत आल्यावर माझ्या बायकोला वाटलं, आता हा घरची गाडी उडवणार. झालं उलटंच. मी पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायला लागलो. अंतर चौपट लागतं, हे आता माझ्या पायाला माहीत आहे ना!

ज्यांच्या मुलांना खरंच ओढ आहे, त्यांनी जेवणानंतर मला गाठा. मुलांना फोनवर घ्या, त्यांच्याशी मीच बोलतो.