मूल बोलत नाही, यात दोष घरच्या भाषेचा नाही
(पुण्यातील तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, थेरपिस्ट नाही. तरी आज वाचा आणि भाषा उपचारावर, म्हणजे आपण ज्याला स्पीच थेरपी म्हणतो त्यावर बोलणार आहे. कोंढव्यात, मोमीनपुऱ्यात, कॅम्पात मूल बोलायला उशीर करतं, तेव्हा आपण आधी काय म्हणतो? "याचे अब्बाही उशिराच बोलले होते." मग वर्षं जातात. शेवटी कोणीतरी दवाखान्यात नेतं, आणि तिथे कधीकधी चुकीचा सल्ला मिळतो.

माझ्या भाच्याचं असंच झालं. अडीच वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडत नव्हता. घरात दखनी, शेजारी मराठी, मोबाईलवर इंग्रजी. एका दवाखान्यात पाच मिनिटांत निकाल लागला: "इतक्या भाषांनी मुलाचा गोंधळ होतोय. घरात फक्त इंग्रजी बोला." कान तपासून घ्या, असं कोणी म्हटलं नाही. माझी बहीण स्वतःच्या मुलाशी शब्द शोधत बोलू लागली. अम्मीला इंग्रजी येत नाही, म्हणून ती नातवाशी बोलायचीच थांबली. ज्या मुलाला जास्त बोलणं ऐकायला हवं होतं, त्याच्या कानावर ते आणखी कमी पडू लागलं. पुढे दुसरीकडे तपासणी झाली, तेव्हा मधल्या कानात पाणी साचल्याचं निघालं. त्यावर उपचार झाले, थेरपी सुरू झाली आणि थेरपिस्टने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आजीला बोलू द्या."

संशोधन हेच सांगतं. दोन भाषा ऐकल्याने भाषेचा विकार होत नाही. 2005 साली कॅनडात एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भाषांत वाढणारी मुलं इंग्रजीत, एकाच भाषेत वाढणाऱ्या तशाच मुलांपेक्षा मागे नव्हती. शिवाय दुसरी भाषा पदरात होती, ती वेगळीच. ज्यांना शिकायला खरोखर जड जातं त्या मुलांची ही गोष्ट आहे.

मग दवाखान्यात चूक कुठे होते? आमच्या क्षेत्रातलं उदाहरण देतो. 05/06 ही तारीख भारतात 5 जून असते, अमेरिकेत 6 मे. सेटिंग न बघता कोणी तिला चूक ठरवलं, तर दोष तारखेचा नसतो. बोलण्याचंही तसंच. दखनी बोलणाऱ्या घरातलं मूल "शाळा"ला "शाला" म्हणतं, कारण त्याच्या घरच्या बोलीत ळ नाही. ते "तो पाणी" म्हणतं, कारण मराठीत तीन लिंगं आहेत, उर्दूत दोन, आणि उर्दूत पानी पुल्लिंगी आहे. हा भाषेचा फरक झाला, विकार नव्हे. खरा विकार असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. म्हणून चांगला थेरपिस्ट आधी विचारतो, "घरात कोण कोणती भाषा बोलतं?" आणि शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मोजतो. मूल दूध मराठीत मागत असेल आणि खाना उर्दूत, तर ते दोन शब्द झाले.

आणि आपली घरची बोली म्हणजे काही परकी वस्तू नाही. दखनीतला "नक्को" मराठी "नको"तून आला, "कलइच आया" मधला "इच" मराठी "च"मधून. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 75 लाख लोकांनी उर्दू मातृभाषा सांगितली. एवढ्या घरांना "तुमची भाषा बाजूला ठेवा" हा सल्ला कसा देता येईल?

हा प्रश्न मुलांपुरता नाही. पक्षाघातानंतर घरातल्या वडीलधाऱ्यांची वाचा जाते, त्याला अफेझिया म्हणतात. दादीला पाणी मागता येत नाही, पण कलमा स्पष्ट म्हणता येतो. घरच्यांना वाटतं, ती मुद्दाम बोलत नाही. तसं नसतं. पाठ असलेलं, वर्षानुवर्षं म्हटलेलं बोलणं अनेकदा शाबूत राहतं आणि नवं वाक्य जुळवणं जातं. तिच्यावर उपचार कोणत्या भाषेत करायचे? जी ती आयुष्यभर बोलली, त्या भाषेपासून सुरुवात करायला हवी. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षर लोकांतसुद्धा. म्हणजे आपली अनेक भाषांची घरं ही ओझं नाहीत, ठेव आहे.

आता करायचं काय? चार गोष्टी सांगतो.

पहिली, आधी कान. नवजात बाळाची श्रवण तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत, असा जगभर मान्य असलेला क्रम आहे. मोठ्या मुलालाही थेरपीआधी ऐकू येतं का, हे तपासा.

दुसरी, वाट बघू नका. दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर दाखवा.

तिसरी, थेरपिस्टची नोंदणी विचारा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीकडेच जा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाला स्वतंत्र स्थान आहे. प्रमाणपत्र आणि सवलती हा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

चौथी गोष्ट तुमच्यासाठी. बारावी सायन्स झालेल्यांनी फक्त इंजिनिअरिंग आणि नीट बघू नये. या विषयाची बीएएसएलपी ही पदवी आपल्या पुण्यातच, धनकवडीला भारती विद्यापीठात मिळते. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून या क्षेत्रातली राष्ट्रीय संस्था आहे. तिला अली यावर जंग यांचं नाव आहे. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि त्याआधी, उर्दू माध्यमातून सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू. दखनी, उर्दू आणि मराठी तिन्ही समजणारे थेरपिस्ट आपल्या मोहल्ल्यांना हवे आहेत. चाचण्याही आपल्या बोलीत हव्यात, आणि त्या बनवायला ही बोली घरात ऐकलेली माणसंच लागतील. ॲप बनवायचं काम आम्ही इंजिनिअर करू, पण "शाला" ही चूक नाही, हे त्या ॲपला आधी तुम्हीच शिकवायला हवं.

तोवर एवढं करा. तुमच्या इमारतीत कोणी म्हणालं, "पोरगं बोलत नाही, डॉक्टरांनी घरची भाषा बंद करायला सांगितली," तर त्यांना सांगा: बोलणं बंद करू नका, कान तपासा.