गाडीचा घसा बसतो तेव्हा



गेल्या श्रावणात मी कराडहून चिपळूणला येत होते. कुंभार्ली घाट लागला आणि धुकं असं उतरलं, की बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. घाटात वळणाआधी हॉर्न द्यायचा असतो, हे तिथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मी स्टिअरिंगच्या मधोमध तळवा दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. नुसतं प्लॅस्टिक दबल्याचं जाणवलं. तेवढ्यात वळणावरून एसटी आली. तिच्या ड्रायव्हरनं रीतसर हॉर्न दिला होता, म्हणून मी आज इथं बोलायला बसले आहे. उरलेला घाट डिपर देत देत उतरले.

एरवी हॉर्न ह्या वस्तूवर माझं काही प्रेम नाही. ट्रकांच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ आपल्या राज्यात २०१५ साली बंद करायला सांगितलं, तेव्हा मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या होत्या. पण नको तेव्हा वाजणारा हॉर्न वेगळा, आणि हवा तेव्हा न वाजणारा वेगळा. दुसरा जास्त वाईट.

घरी आल्यावर गॅरेजला फोन लावला. तिथून उत्तर आलं, ‘बाई, नवीनच टाकू या.’ गाडी न बघता! मी शाळेत बरीच वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय. नाडी न बघता औषध देणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

शाळेतली विजेची घंटा आठवते का तुम्हाला? वीज आली की लोहचुंबक हातोडी ओढतो. ती ओढली की पॉइंट सुटतो आणि वीज तुटते. चुंबक मेला की हातोडी मागे येते, पॉइंट पुन्हा जुळतो. हॉर्नमध्ये तंतोतंत हेच घडतं. फक्त हातोडीच्या जागी पातळ पोलादी तबकडी असते आणि ती सेकंदाला चारशेच्या आसपास हेलकावे खाते. ज्या गाडीला दोन हॉर्न असतात, तिथं एक साधारण चारशेचा आणि दुसरा पाचशेचा. गाणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल. चाराला पाच, म्हणजे षड्जाला शुद्ध गंधार. चांगल्या गाडीचा हॉर्न भरदार वाटतो तो ह्या सा आणि ग मुळं. तो अचानक एकसुरी झाला, तर दोघांपैकी एकानं मान टाकली आहे असं समजावं.

हॉर्न तपासायला माणसं दोन लागतात, एक दाबायला आणि एक ऐकायला. घरी त्या दिवशी आमच्या सासूबाई तेवढ्या होत्या. वय ब्याऐंशी, कानाला यंत्र. त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि सांगितलं, ‘मी हात वर केला की दाबायचं, खाली केला की सोडायचं.’ त्यांनी यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं. मोठा आवाज झाला की ते कानात किंचाळतं म्हणे.

आता सगळा भर ऐकण्यावर. हॉर्नच्या गप्प बसण्यातही प्रकार आहेत. दाबल्यावर कुठंच काही होत नसेल, तर आधी फ्यूज. फ्यूजच्या डब्याच्या झाकणाला आतून नकाशा असतो, तो बघून काढायचा आणि आतली तार तुटली आहे का पाहायचं. बदलताना त्याच आकड्याचा घालायचा. लाल दहा अँपिअरचा असतो, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. लाल उडतोय म्हणून पिवळा घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. फ्यूज उडतो तो काहीतरी सांगायला. त्याच्या तोंडात बोळा कोंबला तर पुढं वायर जळते.

आमचा फ्यूज शाबूत होता. मी हात वर केला. फ्यूजच्या डब्यातून बारीकसा ‘टक्’ ऐकू आला. हा रिलेचा आवाज. हॉर्नची जोडी आठ-दहा अँपिअर सहज ओढते. स्टिअरिंगवरच्या नाजूक बटणाला तेवढी वीज झेपत नाही. म्हणून बटण फक्त रिलेला इशारा देतं आणि रिले मोठी वीज सोडतो. ‘टक्’ आला, म्हणजे बटण आणि त्याची वायर ठीक आहे, दुखणं पुढं आहे. तो आला नसता तर डब्यातला तोच नंबर छापलेला दुसरा रिले काढून अदलाबदल करून बघितली असती.

इथं एक गोष्ट बजावून सांगते. स्टिअरिंग वळवलं की हॉर्न कधी वाजतो, कधी नाही, आणि सोबत एअरबॅगचा दिवा लागलाय, असं असेल तर स्टिअरिंगच्या आतली गुंडाळलेली पट्टी बहुधा तुटलेली असते. तिथं पाना लावू नका. त्या झाकणामागं एअरबॅग आहे आणि ती फुटते ती स्फोटानंच. ते काम वर्कशॉपचं.

आमच्या गाडीचे हॉर्न जाळीच्या मागं हाताला लागतात. काही गाड्यांत अख्खा बंपर उतरवावा लागतो. तशी असेल तर सरळ गॅरेज गाठा. पावसाळ्यात समोरच्या गाडीच्या चाकाचा सगळा चिखल ह्याच जागेवर येतो. शंखाच्या आकाराच्या हॉर्नचं तोंड खाली हवं, नाहीतर त्यात पाणी साठतं. उन्हाळ्यात फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या हॉर्नमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलंही निघतं.

पण माझे दोन्ही हॉर्न एकदम गेले होते. दोन माणसांचा घसा एकाच क्षणी बसत नाही. दोघांत काहीतरी सामाईक बिघडलं असणार. जुन्या मागच्या दिव्याचा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या, झाला टेस्टलॅम्प. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं हॉर्नच्या कपलरमधल्या विजेच्या पिनेला. हात वर केला, बल्ब लखकन लागला. वीज येत होती. मग मायनसचं टोक काढून कपलरच्याच काळ्या वायरीला लावलं. हात वर. बल्ब थंड. वीज येत होती, पण तिला परत जायला वाट नव्हती. अर्थिंग गेलं होतं.

काळी वायर धरून मागं मागं गेले. दोन्ही हॉर्नच्या काळ्या वायरी एकाच बोल्टखाली पत्र्याला आवळलेल्या होत्या. बोल्ट गंजून लालभडक, वायरीच्या टोकाच्या कडीवर हिरवा चुरा. बॅटरीचं मायनस सोडवलं, बोल्ट काढला, कडी आणि खालचा पत्रा काचकागदानं चकाकेपर्यंत घासला, आवळून वरून व्हॅसलीन फासलं. खर्च शून्य.

हात वर केला. षड्ज लागला! गंधार मात्र नुसता ‘टिक’ करून थांबला.

हा ‘टिक’ ऐकून हॉर्न फेकू नका. तबकडी एकदा ओढली जाते आणि तिथंच राहते. आतल्या पॉइंटचं अंतर झिजेनं, गंजानं बिघडलेलं असतं. बऱ्याच हॉर्नच्या पाठीवर ते जुळवायचा एक छोटा स्क्रू असतो, रंगानं सील केलेला. मी आधी नेलपॉलिशनं त्याची मूळ जागा खुणावली. मग अगदी थोडा, पाव फेऱ्याहून कमी, फिरवायचा आणि क्षणभर वाजवून बघायचं. आवाज आणखी बिघडला तर उलट फिरवायचं. तंबोऱ्याचा मणी सरकवतो ना आपण, तसं हलक्या हातानं. दाबून धरायचं मात्र नाही, आतली कॉइल तापते. जमलं की स्क्रूवर पुन्हा नेलपॉलिशचा थेंब. एवढं करूनही बोलला नाही, तर मग खुशाल नवा आणा, पण गाडीला होता तसाच. एकामागून एक निरनिराळे सूर काढणारे आणि कर्कश हॉर्न नियमात बसत नाहीत.

हे सगळं करताना मला एका माणसाची आठवण होत होती. मिलर रीझ हचिसन. १९०८ च्या सुमारास गाजलेला ‘क्लॅक्सन’ हा विजेचा हॉर्न त्याचा. त्याआधी त्यानं काय बनवलं होतं? बहिऱ्यांसाठी विजेवरचं श्रवणयंत्र. आधी यंत्र काढायचं आणि मग गिऱ्हाईक तयार करायचं, अशी त्याची थट्टा व्हायची.

सासूबाईंना हे सांगायचं मनात होतं, पण यंत्र पर्समध्ये. मी स्क्रूला शेवटचा हलका पीळ दिला आणि हात वर केला. सा आणि ग एकदम सुटले, तेही माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर. मी दचकून दोन्ही हात कानांवर नेले. सासूबाईंना काचेतून दिसलं ते एवढंच, की सूनबाईंचे दोन्ही हात वर आहेत. त्यांनी आणखी जोरानं दाबलं. गल्लीतली दारं उघडली, समोरचे काका पेपर घेऊन बाहेर आले. सासूबाई काच खाली करून शांतपणे विचारत होत्या, ‘वाजला का गं?’