मारवाडातून दक्षिणेत



मारवाडातील ओसवाल कुटुंबे नगर जिल्ह्यात आली ती पोटाच्या विवंचनेने. 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर वाट सुकर झाली. 1899-1900 च्या छप्पनिया दुष्काळाने आणखी अनेकांना घर सोडावयास लावले.

येथील वास्तव्य प्रारंभी सुखाचे नव्हते. मे 1875 मध्ये सुपे येथे मारवाडी व गुजराती सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि तो नगर जिल्ह्यातही पसरला. शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जखतांवर होता. खते जाळली गेली. जुलमी व्याज घेणारेही त्या सावकारांत होते, हे सुवर्णमहोत्सवातही लपवू नये. खतावणीत केवळ जमेची बाजू लिहून चालत नाही. शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ 1879 मध्ये कायदा झाला.

पुढे किराणा व कापडाची दुकाने वाढली. घरात मारवाडी, गादीवर मराठी अशी जीभ दुहेरी झाली. लुगड्याचा काठ शेतकरणीच्या मनास का येत नाही, हे तिच्याच बोलीत समजून घ्यावे लागे. सूर्यास्तापूर्वीचे भोजन मात्र आठवडे बाजाराच्या धांदलीतही सुटले नाही.

त्याच 1900 साली चिचोंडी शिराळ या खेड्यात एका ओसवाल घरी जन्मलेले बालक पुढे श्रमण संघाचे आचार्य आनंदऋषीजी महाराज झाले.