‘इतर’वर काट

पोहे-जिलेबी आटोपून वेळेवर खुर्च्या धरलेल्या माझ्या माळव्यातल्या मराठी माणसांनो,

दोनदा मी पडले, तिसऱ्यांदा या संमेलनाची अध्यक्ष म्हणून निवडून आले. तिन्ही वेळा मतदार तेच होते आणि मीही तीच होते, तेव्हा आभार नेमके कशाचे मानायचे हे मला अजून उमगलेलं नाही. हे व्यासपीठ आयुष्यात एकदाच मिळतं. पुढच्या वर्षी मी ‘माजी’ होईन आणि समईच्या एका वातीला काडी लावण्यापुरती उरेन. म्हणून काय ते आजच. सभागृहाचं भाडं, घटनादुरुस्ती, स्मरणिकेतल्या जाहिराती, हे सगळं तुम्हांला तोंडपाठ आहे. त्यात मी शिरत नाही. मला बोलायचंय ते एका शब्दाबद्दल.

30 जून 2011 रोजी शालिनीताई मोघे गेल्या. त्या हिवाळ्यात मराठी माणसांच्याच एका संमेलनात शोकप्रस्ताव वाचला गेला. कुठल्या, ते सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे ते आत्ता पंख्याकडे बघतायत. कवी झाले, कथाकार झाले, समीक्षक झाले, प्रत्येकाचं नाव पुरस्कारांसकट आलं. मग वाचणाऱ्या गृहस्थांनी पान उलटलं, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, ‘तसेच इतर.’ त्या ‘इतर’मध्ये शेवटून दुसऱ्या आमच्या ताई. मी उठून उभी राहिले. मला वाटलं, आणखी कुणी उठेल. आमच्या गटातलेही काहीजण होते सभागृहात. ते बोलले नाहीत. त्यांचा त्या दिवशी घसा बसला होता, मला माहीत आहे, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला मात्र ‘बाई, बसा, दोन मिनिटं शांतता पाळायची आहे’ असं सांगण्यात आलं. चौदा वर्षं झाली. सून म्हणते, ‘आई, सोडा आता.’ नाही सोडणार.

कोण होत्या या ‘इतर’? आपल्या इंदुरात स्टँडकडे निघालेला बसवाला ‘सरवटे, सरवटे’ असं ओरडतो आणि चढणाऱ्याला वाटतं, सरवटे हे एखाद्या खेड्याचं नाव असावं. सरवटे म्हणजे विनायक सीताराम सरवटे, आपले तात्या. घटना समितीचे सदस्य, मराठीचे लेखक, 1966 चे पद्मभूषण. शालिनीताई त्यांची लेक. वडिलांच्या पाठोपाठ दोनच वर्षांनी, 1968 साली, तिला पद्मश्री मिळाली. दिल्लीच्या सरकारला जी बाई दिसली ती आपल्या प्रस्तावलेखकाला दिसली नाही. बापाचा आपण बसथांबा केला आणि लेकीची तळटीप!

1947 साल डोळ्यांसमोर आणा. इंग्रज निघालेले, होळकरी अजून जायची होती, आणि जो तो राज्याच्या, घटनेच्या, मताधिकाराच्या गप्पा मारत होता. त्या वर्षी या बाईंनी तीन वर्षांच्या मुलांचा विचार केला. पागनीसपागेतलं ‘बालनिकेतन’ त्यातूनच उभं राहिलं. ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, निदान त्याच्यावरून स्कूटर नेली आहे. इंदुरात माँटेसरी शाळा आणली ती ताईंनी. मारिया माँटेसरी 1939 मध्ये हिंदुस्थानात आल्या, महायुद्धामुळे अडकल्या आणि 1946 पर्यंत इथे शिकवत राहिल्या. त्याच्या कितीतरी आधी, 1920 मध्ये, गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढलं. तिथे काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी-कोसबाडला बालवाडी थेट आदिवासी पाड्यावर नेली. ही सगळी एकाच ओढीची माणसं. ताईंचं कामही वर्गाच्या चार भिंतींत मावलं नाही. ते शिक्षिका घडवण्यापर्यंत आणि पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यापर्यंत गेलं.

आणि माँटेसरी म्हणजे महागडी फी नव्हे, हे आजच्या काही ‘इंटरनॅशनल’ पाट्यांनी ऐकून ठेवावं. तिथे फळी मुलाच्या छातीइतक्या उंचीवर असते. खुर्ची त्याची त्याला उचलता येते. फडकं त्याच्या हाताला लागेल अशा खुंटीवर टांगलेलं असतं. मूल छोट्या तांब्यातून वाटीत पाणी ओततं. जीभ बाहेर, डोळे वाटीच्या काठावर. सांडतं. बाई धावत नाहीत. मूल फडकं घेतं, पुसतं, पिळतं, पुन्हा खुंटीवर टांगतं. हे ज्याने मांडी घालून अर्धा तास पाहिलंय त्याने मला सांगावं, आपल्यापैकी कितीजणांच्या कादंबऱ्यांत एवढी एकाग्रता आहे? आमच्यात एक थोर लेखक आहेत, बारा वर्षांपूर्वी त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड आला आणि तो मुंजीपर्यंतही पोचला नाही. एवढ्या पानांत त्यांनी एकदाही स्वतःचं सांडलेलं स्वतः पुसलेलं नाही.

आता थोडं माझं. 1971 मध्ये मी एका बालवाडीत लागले. माझ्या वर्गात सराफ्यातल्या एका मिठाईवाल्याचा मुलगा होता. घरी माळवी, गल्लीत हिंदी, वर्गात मराठी. चार महिने तोंडातून अक्षर नाही. एक दिवस त्याच्या हातून पाणी सांडलं. त्याने फडकं घेतलं. मी वाकून बघत होते तर माझ्याकडे वर पाहून म्हणाला, ‘मी पुसून राहिलो.’ त्याचं पहिलं मराठी वाक्य! त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्यावर मुलांसाठी एक गोष्ट लिहिली आणि मोठ्या शहरातल्या एका मासिकाला पाठवली. दीड महिन्याने साभार परत. ‘पुसून राहिलो’भोवती लाल वर्तुळ, आणि समासात ‘पुसतो आहे’. गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. आम्ही ‘येऊन राहिलो’ म्हटलं की तिकडे महाराष्ट्रात हसू येतं. अहो, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथे मराठीत राहिलो, म्हणून तर ‘राहिलो’ म्हणतो!

मी बालसाहित्य लिहिते. म्हणजे मीही इतरच. आपण सगळेच. आपल्याला, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना, ‘बृहन्महाराष्ट्र’ म्हणतात तेव्हा छाती फुगते, पण कार्यक्रमपत्रिकेत आपला परिसंवाद जेवणानंतर असतो. याच इंदूरने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 1917, 1935 आणि 2001 असं तीनदा अंगाखांद्यावर घेतलं. आणखी एक हिशेब देते. 2025 पर्यंतच्या 98 संमेलनांत अध्यक्ष झालेल्या बाया सहा. कुसुमावती देशपांडे ग्वाल्हेरला, दुर्गाबाई भागवत कऱ्हाडला, शान्ताबाई शेळके आळंदीला, विजयाबाई राजाध्यक्ष इथे आपल्या इंदुरात, अरुणाताई ढेरे यवतमाळला, ताराबाई भवाळकर दिल्लीला. सहातल्या तीन महाराष्ट्राबाहेर! बाईला त्या खुर्चीवर बसवायचं म्हणजे निम्म्या वेळा इतरांचं अंगण लागतं. मग इतर कोण आणि घरचे कोण?

कुणी म्हणेल, एका शब्दासाठी केवढा हा गहजब. बाई हट्टी आहे. आहेच. पण शब्दांवर जगणाऱ्या माणसांनी तरी ‘एकच शब्द’ असं म्हणू नये. साहित्य साहित्य म्हणून आपण जे डोक्यावर घेतो ते वाचणारं माणूस कुठे तयार होतं? व्यासपीठावर नाही. ते तयार होतं त्या बुटक्या फळीपाशी, जिथे न रागावता त्याचं बोलणं ऐकून घेणारी एक बाई बसलेली असते. अशा बाया ताईंनी घडवल्या. त्यांना इतर म्हणायचं आणि आपण मात्र मुख्य? घरात नातवाशी हिंदी-इंग्रजीत बोलायचं आणि इथे येऊन मराठीच्या भवितव्यावर टाळ्या घ्यायच्या, हे आपल्यातल्याच काहींना छान जमतं. माइक त्यांच्याच हातात असतो म्हणून नावं घेत नाही.

ताईंच्या नावाने सभागृह नको, कमान नको. कमानीखालून माणसं वर न बघता जातात, हे सरवटे स्टँडने आपल्याला शिकवलंय. आपल्या ग्रंथालयात जमिनीपासून दीड हातावर एक फळी ठोका. कुलूप नको. तिच्यावर तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला लागतील अशी मराठी चित्रांची पुस्तकं ठेवा. फाटली तर चिकटवू. फळीचे पैसे मी देते. पावती नको, पावतीवरूनही आपल्याकडे वाद होतात.

आणि एक काम आत्ता, इथेच. हातातली कार्यक्रमपत्रिका उघडा. पान सात, उद्या दुपारी अडीच, जेवणानंतर. ‘बालसाहित्य व इतर.’ सापडलं? मी अध्यक्ष आहे आणि ही माझ्याच संमेलनाची पत्रिका आहे. मला दाखवल्याशिवाय छापली, ते नंतर बघू. त्या शेवटच्या शब्दावर काट मारा. पेन नसेल तर शेजाऱ्याकडून घ्या.

घ्या, मी थांबते.