सावलीलाही गुण द्या

आंतरशालेय खगोल प्रश्नमंजूषेत पाठांतरापेक्षा निरीक्षणाला जास्त गुण हवेत. गुरूचे उपग्रह किती, हे गाइडमधून पाठ होतं, आणि नव्या शोधांनी तो आकडाही बदलत राहतो. आपल्या सीमाभागाला तर अस्सल प्रश्न आयताच मिळाला आहे. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास, ओळंब्याने सरळ उभ्या केलेल्या एक मीटरच्या काठीची सावली बेळगावात सुमारे ८२ सेंटीमीटर भरते. निपाणीत ती साधारण दीड सेंटीमीटरने लांब पडते, कारण निपाणी अर्ध्या अंशाहून थोडी जास्त उत्तरेला आहे. दोन्हीकडच्या शाळांनी मापं जुळवली, की दक्षिणोत्तर साठेक किलोमीटर अंतरावरून पृथ्वीचा परीघ काढता येतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने हीच रीत वापरली.

कुणी म्हणेल, सावलीची कडच तेवढी पुसट असते, मग दीड सेंटीमीटर मोजायचे कसे? आक्षेप रास्त आहे. काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा लावावा. सावलीत सूर्याचं छोटं बिंब उमटतं, त्याचा मध्य मोजावा. तरीही परीघ चुकेल. ती चूक कुठून आली हे जो संघ नीट सांगेल, त्याला सर्वाधिक गुण द्यावेत. मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी माध्यमांचा प्रश्नही इथे सुटतो: प्रश्नपत्रिका चारही भाषांत छापावी आणि संघ मात्र मिश्र करावेत. मोजपट्टी सगळ्यांना सारखीच वाचता येते.