शिरोरेषा आणि पापुद्रा



सुचणे ही गोष्ट आपण उगाचच फार लांब नेऊन ठेवली आहे. दुकानाची पाटी करायची असो, लग्नाची पत्रिका असो की घरी केक भाजून विकण्याचा लहानसा उद्योग असो, आधी मोबाइल उघडायचा, जगभरची चित्रे पाहायची आणि त्यांतले एखादे उचलायचे, याला आज प्रेरणा म्हणतात. चित्रे पाहण्यात वाईट काहीच नाही. पण उचललेल्या आकाराबरोबर तो तसा का झाला याचे कारण येत नाही, आणि कारण ठाऊक नसले की तो आकार आपल्या कामाला बेतता येत नाही. माझे म्हणणे असे आहे की एकच आकार रोज घडवताना सामान जिथे अडते तिथे नवे सुचते. मात्र ते अडणे दिसायला डोळा जागा लागतो. अक्षर, घर आणि विस्तवावर भाजलेला घास या तीन ठिकाणी हे तपासून पाहू, आणि दाखले शक्यतो नांदेड-लातूरचे घेऊ. सौंदर्यविचार या भागाला नवा नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी ‘रूपवेध’ लिहिले. ती चर्चा साहित्याची होती. ती पाटीपर्यंत आणि परातीपर्यंत आणायला हरकत नसावी.

छापील देवनागरीचा इतिहास अडचणींनीच घडला आहे. रोमन अक्षरे एका ओळीत शेजारी शेजारी बसतात. आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, पायाशी उकार, मध्येच जोडाक्षर. शिशाच्या खिळ्याला हे अवयव लावायचे कसे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या छापखान्यांपुढे रोज उभा असे. त्यातून दोन वाटा निघाल्या. डिग्री पद्धतीत मात्रा-उकारांचे बारीक खिळे वेगळे ओतून अक्षराच्या वर-खाली लावत. खिळे कमी लागत, पण खिळेजुळाऱ्याला एका ओळीसाठी तीन थर रचावे लागत आणि सांधे दिसत. अखंड पद्धतीत मात्रेसकट सबंध अक्षर एकाच खिळ्यावर. ओळ देखणी दिसे, पण खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांत जाई. जावजी दादाजी पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले, पुढे त्यांनी स्वतः खिळे पाडायला सुरुवात केली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी अक्षरांचे पंच कापले राणोजी रावजी आरू यांनी. पोलादाच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ते तांब्यावर ठोकून मातृका करायची, मातृकेत शिसे ओतायचे. एवढ्याशा टोकावर केसभर चूक झाली तरी ती हजारो पानांवर उमटणार. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांनी ते वळण देशभर पोचवले. आरूंचे नाव मात्र छपाईच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते. लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल यासाठी बुद्धी खर्ची घातली. या मंडळींना सौंदर्याची दृष्टी होतीच. पण ती कामाला लागली ती खिळ्याच्या चौकोनाने अडवल्यामुळे.

संगणकाने ही अडचण मिटवली, असा समज आहे. तिने फक्त जागा बदलली. रघुनाथ कृष्ण जोशी यांचा ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघर गेला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ यांसारखे फॉन्ट सर्वांना मोफत वापरता येतील असे खुले केले. साधन इतके सुलभ झाले तेव्हा निवडीची जबाबदारी आपल्यावर आली, आणि ती आपण नीट पेलत नाही. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श अनेक फॉन्टमध्ये आपोआप येत नाही, तिथे हिंदी वळण येते. राज्य सरकारने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये लिपीसंबंधी निर्णय काढले. कित्येक फॉन्टमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद केली की वळण बदलण्याची सोयही असते. पण पत्रिका जुळवणाऱ्याचे तिकडे लक्षच जात नाही, कारण अक्षर त्याच्या हातातून गेलेले नसते, फक्त कळीखालून गेलेले असते.

हा फरक नांदेडच्या बाजारात फार स्पष्ट दिसतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण इथे झाले. महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात इथला गुरुद्वारा उभा राहिला. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पलीकडे तेलुगू सुरू होते. म्हणजे इथल्या पेंटरच्या वाट्याला इंग्रजी धरून पाच लिपी येऊ शकतात. त्यांतल्या देवनागरी आणि गुरुमुखी शिरोरेषेला लटकतात. तेलुगूला अशी सलग रेषा नाही, तिची गोलाई डोक्यावरच्या लहानशा खुणेने तोललेली असते. उर्दूचे नस्तालिक उजवीकडून डावीकडे उतरत येते, त्यामुळे प्रत्येक शब्दाला उंचीची जागा द्यावी लागते. ते खिळ्यात इतके बसेना की १९८१ मध्ये ‘नूरी नस्तालिक’ येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रांचा मजकूर कातिब, म्हणजे सुलेखनकार, हाताने लिहीत. अशा दोन लिपी एका पत्र्यावर शेजारी बसवायच्या, दोघींचा मान सारखा ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला दुकान रस्त्यापलीकडून वाचता यायला हवे, हे कोडे पेंटर खडूच्या दोरीने आखलेल्या रेषांवर सोडवीत असे. नाव लहान आणि पाटी लांब असली तर तो अक्षरांमधली जागा मोकळी करी, शिरोरेषा पुढे ओढी, कान्याची रुंदी तीच ठेवी. फ्लेक्सवाला तेच नाव माउसने आडवे ताणतो. ताणल्यावर उभे दंड फुगतात, शिरोरेषेची जाडी मात्र होती तेवढीच राहते, आणि ज्या रेषेवर अख्खे अक्षर लटकायचे तीच दुबळी दिसू लागते. यंत्र दोषी आहे असे मी म्हणत नाही. तेच यंत्र वापरून अंतर वाढवता येते. ते सुचायला मात्र शिरोरेषा किती जाड हवी हे कधीतरी हाताने ठरवलेले असावे लागते.

आता परातीकडे येऊ. घरगुती बेकिंगची चर्चा मैद्यापासून सुरू होते; आपल्याकडे ती ज्वारीपासून सुरू व्हायला हवी. गव्हाच्या कणकेला ताण देणारे ग्लुटेन ज्वारीत नसते. म्हणून पिठात आधणाचे पाणी घालतात. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि थापलेली भाकरी धरून ठेवतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि कडा फाटतात. टाळकी ज्वारीचे पीठ एक पाणी मागते, हायब्रीडचे दुसरे. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे वरची बाजू लवकर सुकत नाही, मऊ राहते आणि आतली वाफ तिला उचलते, तोच पापुद्रा. यातली एकही गोष्ट चमचा-वाटीच्या मापात पकडता येत नाही, कारण माप कायम ठेवले तरी पीठ बदललेले असते. जी बाई हे रोज करते तिला पीठ वाचता येते, आणि हीच विद्या ओव्हनपाशी कामी येते. नानकटाईचेच पाहा. तुपाने मैद्याचे कण माखले की ग्लुटेन धरत नाही आणि बिस्किट खुसखुशीत होते. जास्त मळले की घट्ट होते. मराठवाड्यात दिवाळीच्या थंडीत तूप रवाळ, घट्ट असते, वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ते वितळलेले असते. दिवाळीची कृती मे महिन्यात जशीच्या तशी केली तर नानकटाई ट्रेमध्ये पसरते. हे ज्याला कळले तो तूप गार करून घेईल, पीठ थोडे वाढवील, एखादा हरभऱ्याचे बेसन घालून पाहील, आणि लातूर तर डाळींची बाजारपेठच आहे. ज्वारीचा केक करायचा तर ग्लुटेनची उणीव कशाने भरायची, हा प्रश्न आधणाने आधीच सोडवलेला आहे. पिठाचा काही भाग उकड काढून घातला की मिश्रण धरते. परदेशी कृतीत ज्वारी कोंबण्यापेक्षा ही वाट मला अधिक फलदायी वाटते.

इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. रोज तेच केल्याने माणूस यंत्र बनतो, परंपरेचे जोखड वाहतो. त्यातून नवे कसे येणार? याचे उत्तर लातूर जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन लिहून ठेवले आहे. किल्लारीच्या परिसरातली जुनी घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर लाकडी तुळया आणि मातीचे माळवद. उन्हाळ्यात ती गार राहत, त्यामागे शहाणपण होते. पण माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी माती टाकायची, ती वर्षानुवर्षे टाकत राहायची, असे करता करता छताचे ओझे वाढत गेले, आणि हे ओझे खालच्या भिंती पेलतील का हे कोणी पाहिले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. त्या दगडांखाली आणि मातीखाली आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. पुनरावृत्ती होती, लक्ष नव्हते. म्हणून मी नुसत्या परंपरेची बाजू मांडत नाही. उलट बाजूही त्याच ठिकाणी दिसते. नंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे भूकंपाला टिकतील अशी, आखणी सरळ रेषांची, रस्ते रुंद. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण गल्ली, ओटा, बंद चौक यांत लोक कसे राहत होते याचा विचार आराखड्यात पुरेसा आला नाही, आणि लोकांनी पुढे स्वतःच्या हाताने पडव्या, आवारभिंती, छपऱ्या जोडून ते घर आपलेसे केले. तो आराखडा बाहेरून उचललेल्या आकाराचा नमुना, आणि त्या पडव्या रोजच्या वापरातून सुचलेल्या रचनेचा. याच जिल्ह्यात १९१७ ची गंजगोलाई आहे. फैयाजुद्दीन यांच्या आखणीत मधल्या गोल इमारतीकडे सोळा रस्ते येतात आणि रस्त्यारस्त्यावर सोन्याचा, चपलांचा, मिरची-गुळाचा असे वेगवेगळे बाजार भरतात. बाजारहाट कसा चालतो हे पाहणाऱ्याची ती आखणी आहे.

दुसरा आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येतो, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. भाकरीच्या कौशल्याचे गोडवे गायचे आणि बाईला चुलीपाशीच बसवून ठेवायचे, असे या विचाराचे टोक होऊ शकते. कष्टाला कलेचे नाव दिल्याने कष्ट कमी होत नाहीत, हे मान्यच केले पाहिजे. दहा माणसांच्या भाकऱ्या घाईने थापणाऱ्या बाईला पापुद्रा निरखायला फुरसत नसते. लक्ष देणे हीसुद्धा सवड मागणारी गोष्ट आहे. म्हणून घरातले काम वाटून घेणे आणि भाकरी केंद्रातल्या हाताला रास्त दाम देणे हा सर्जकतेच्याच चर्चेचा भाग आहे. कौशल्य चुलीला बांधलेले नाही. पिठाची जाण असलेली बाई बेकरीची मालकीण होऊ शकते, आणि मुलगाही ही जाण शिकू शकतो.

राहिला दुष्काळाचा मुद्दा. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे अक्षराच्या वळणाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण या भागाने टंचाईतही आकाराचा सोस सोडलेला नाही. वेळ अमावास्येला, आपल्या भाषेत येळवशीला, लोक शेतात कडब्याची खोप करतात, आंबिलाचा बिंदगा रंगवून डोक्यावर नेतात. जुन्या लुगड्यांच्या गोधडीत रंगांची निवड असते. गरज आणि देखणेपण यांची फारकत गरिबाच्या घराने केलेली नाही. ती आपल्या शिक्षणाने केली.

तेव्हा करायचे काय, हे ठोस सांगतो. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे जमवून त्यांचे फॉन्ट केले. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांना हे काम अवघड नाही. नांदेडच्या इतवारा आणि वजिराबाद भागांत जेवढ्या हाताने रंगवलेल्या पाट्या उरल्या असतील त्यांचे फोटो घ्यावेत, शिरोरेषेची आणि दंडाची जाडी मोजावी, दोन लिपी शेजारी कशा बसवल्या हे नोंदवावे, पेंटर हयात असेल तर त्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत टिपावे. फॉन्ट झालाच तर त्याला पेंटरचे नाव द्यावे आणि विक्रीतला वाटाही. याच नोंदवहीत दुसरीकडून पिठाच्या नोंदी सुरू कराव्यात: कोणत्या ज्वारीला किती आधण, कोणत्या महिन्यात तूप कसे. दुकाने दिवाळीला रंगतात आणि जुन्या पाट्या तेव्हाच उतरतात. पाट्यांचे काम दसऱ्याच्या आत उरकायला हवे.