हॉटेल विकत घेण्याचा मार्ग आणि दार उघडण्याचा मार्ग

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



महागाई, कंत्राटी कामगार आणि शेतमालाचे भाव यांवर दोन दिवस चर्चा झाल्यानंतर हॉलिवूडच्या प्रेमपटांवरील व्याख्यान ऐकावयास सांगणे, हे आपल्यापैकी काहींना विषयांतर वाटेल. पोटाचे प्रश्न सुटले नसताना पडद्यावर कोण कोणाच्या प्रेमात पडतो याची उठाठेव समाजवाद्यांनी का करावी, असे एका तरुण मित्राने मला काल विचारलेही. त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. माझे म्हणणे असे की, प्रेमास पात्र कोण हे ठरविणे हाही सत्तेचाच एक भाग आहे, आणि त्या सत्तेचा इतिहास मजुरीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

डॉ. राममनोहर लोहियांनी हे फार पूर्वी ओळखले होते. कातडीचा रंग आणि सौंदर्य यांविषयीच्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की, गोरेपणा म्हणजेच सौंदर्य ही समजूत युरोपच्या राजकीय वर्चस्वातून जगभर रुजली; आफ्रिकेच्या काळ्या लोकांनी जगावर राज्य केले असते, तर सौंदर्याची फूटपट्टीही निराळी झाली असती. आपल्याकडील वधूवरांच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द अजूनही ज्या निष्ठेने छापला जातो, तो पाहता हा निबंध जुना झाला असे म्हणवत नाही.

इंग्रजीत जिला ‘रोमँटिक कॉमेडी’ म्हणतात, त्या प्रणयप्रधान सुखात्मिकेचे सूत्र ठरलेले असते. दोघे भेटतात, भांडतात, दुरावतात आणि अखेरीस एकत्र येतात. करमणुकीपलीकडे तिच्यात काही नाही असे वाटते. परंतु एक गोष्ट ती प्रेक्षकाच्या मनावर सतत बिंबवीत असते. कोणाच्या सुखदुःखाशी आपण समरस व्हावयाचे आणि कोणाला केवळ हसावयाचे, हे ती ठरवून देते. नायक-नायिका ही पूर्ण माणसे. बाकीचे वाढपी, शेजारी आणि विदूषक. अमेरिकी चित्रपटात आशियाई माणूस अनेक दशके या दुसऱ्या रांगेत उभा होता.

तो तेथे योगायोगाने उभा नव्हता. अमेरिकेचा पूर्व-पश्चिम लोहमार्ग १८६९ साली पुरा झाला, तो दहा हजारांहून अधिक चिनी मजुरांच्या श्रमांवर. मजूर हवे होते. त्यांचे संसार नको होते. १८७५ च्या पेज कायद्याने अनीतीचे निमित्त करून चिनी स्त्रियांचा प्रवेश जवळजवळ बंद केला आणि १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांनाच दार लावले. कॅलिफोर्नियात शेतावर राबणाऱ्या पंजाबी पुरुषांना मायदेशातून बायका आणता येईनात, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. १९२२ चा केबल कायदा तर असा होता की, नागरिकत्वास अपात्र ठरविलेल्या आशियाई पुरुषाशी विवाह करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे स्वतःचेच नागरिकत्व जाई. मिश्रविवाहावरील बंदी कॅलिफोर्नियात १९४८ साली उठली आणि साऱ्या देशात १९६७ साली. ज्या माणसाच्या विवाहाला कायदा गुन्हा मानतो, त्याला पडद्यावर प्रियकर म्हणून कोण उभा करील?

हॉलिवूडने हा कायदा आपल्या नियमावलीत उतरविला. १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या निर्मितीसंहितेत मिश्रवंशीय संबंध दाखविण्यास मनाई होती; शब्द गोऱ्या आणि काळ्यांविषयी होते, पण व्यवहारात ती आशियाईंनाही लागू होई. लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली अ‍ॅना मे वाँग ही त्या काळची ख्यातनाम चिनी-अमेरिकी अभिनेत्री. ‘द गुड अर्थ’ या १९३७ च्या चित्रपटात चिनी शेतकरणीची प्रमुख भूमिका तिला मिळाली नाही. नायकाचे काम गोऱ्या नटाकडे होते, म्हणून नायिकाही गोरीच हवी होती. ती भूमिका लुइझ रायनरने केली आणि तिला ऑस्कर मिळाले.

प्रणयातून हद्दपार केलेला माणूस मग विनोदाच्या दाराने आत घेण्यात आला. १९६१ च्या ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’मध्ये मिकी रूनी हा गोरा नट खोटे दात लावून जपानी शेजारी झाला. त्याच दिग्दर्शकाने, ब्लेक एडवर्ड्सने, १९६८ साली ‘द पार्टी’मध्ये पीटर सेलर्सला सावळा रंग फासून भारतीय नट बनविले, आपल्याकडील सुशिक्षितांनीही त्याला मनमुराद हसून दाद दिली. १९८४ च्या ‘सिक्स्टीन कँडल्स’मध्ये आशियाई विद्यार्थी पडद्यावर येताच घंटेचा टोला वाजे. १९६१ मध्येच जवळजवळ सर्व नटवर्ग आशियाई असलेली ‘फ्लॉवर ड्रम साँग’ ही संगीतमय सुखात्मिकाही आली होती. परंतु तिच्यामागून तशा चित्रपटांची रीघ लागली नाही.

२०१८ साली ‘क्रेझी रिच एशियन्स’ आला. समकालीन जीवनावरील आणि बहुतांश आशियाई नटवर्ग असलेला असा चित्रपट एखाद्या मोठ्या अमेरिकी कंपनीने १९९३ च्या ‘द जॉय लक क्लब’नंतर पंचवीस वर्षांनी काढला होता. सुमारे तीन कोटी डॉलरांत तयार झालेल्या या चित्रपटाने जगभर तेवीस कोटींहून अधिक डॉलर मिळविले. त्याची नायिका न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्र शिकविणारी प्राध्यापिका आहे. आमच्या व्यवसायाला प्रेमपटात असा मान क्वचितच मिळाला असेल. या यशाची मी टिंगल करणार नाही. मूळ कादंबरीचे लेखक केविन क्वान, तसेच त्याच वर्षी पडद्यावर आलेल्या ‘टू ऑल द बॉईज आय हॅव लव्हड बिफोर’च्या लेखिका जेनी हान, या दोघांनीही जाहीरपणे सांगितले आहे की, चित्रपट काढावयाचा तर नायिका गोरी करा, असा सल्ला त्यांना देण्यात आला होता. त्यांनी तो मानला नाही. त्या नकाराचे मोल कमी नाही.

तथापि या चित्रपटाचा पहिला प्रसंग आठवावा. साल १९९५. लंडनचे एक उंची हॉटेल सिंगापूरच्या चिनी कुटुंबाला खोली नाकारते. घरची कर्ती स्त्री बाहेर जाऊन दूरध्वनी करते आणि थोड्याच वेळात त्या हॉटेलची मालकीण म्हणून परत येते. प्रेक्षक टाळ्या वाजवितो. मला त्या वेळी दुसरे एक दार आठवले. मे १९६४ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या जॅक्सन शहरी, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या एका उपाहारगृहातून लोहियांना परत पाठविण्यात आले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच दाराशी गेले आणि त्यांनी अटक पत्करली. अमेरिकी सरकारने दिलगिरी व्यक्त केली. परंतु प्रश्न एका परदेशी पाहुण्याच्या मानाचा नव्हता, त्या दारातून रोज परत पाठविल्या जाणाऱ्या लाखोंचा होता. काळ्या जनतेच्या प्रदीर्घ लढ्यामुळे त्याच वर्षी जुलैमध्ये अशा भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला. पहिल्या मार्गाने हॉटेलाचा मालक बदलतो. ज्याच्या खिशात पैसा नाही तो बाहेरच राहतो. दुसऱ्या मार्गाने दार उघडते.

आणि बाहेर कोण राहिले, हेही हा चित्रपट नकळत दाखवितो. सिंगापूरच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे सुमारे नऊ टक्के लोक आहेत. पडद्यावर दक्षिण आशियाई चेहरा दिसतो तो प्रामुख्याने श्रीमंतांच्या फाटकावरील शस्त्रधारी पहारेकऱ्याचा. त्याला पाहून नायिका दचकते आणि आपण हसावयाचे असते. त्या शहरातील इमारती बांधणारे तमिळ आणि बांगलादेशी मजूर त्यात नाहीत. २०२० साली कोरोनाच्या साथीत सिंगापूरमधील बाधितांपैकी फार मोठा भाग दाटीवाटीच्या कामगार वसतिगृहांतील निघाला, तेव्हा जगाला या मजुरांचे अस्तित्व कळले.

पडद्यामागील हिशेब तर अधिक बोलका आहे. या चित्रपटाची पटकथा पीटर कियारेली आणि मलेशियात जन्मलेल्या एडेल लिम यांनी मिळून लिहिली. पुढील भागांसाठी कियारेलींना आठ ते दहा लाख डॉलर आणि लिम यांना एक लाख दहा हजारांच्या आसपास देऊ करण्यात आल्याचे वृत्त २०१९ साली प्रसिद्ध झाले. लिम यांनी काम सोडले. कंपनीचे समर्थन असे की, दर पूर्वानुभवानुसार ठरतात आणि तीच या धंद्याची रीत आहे. हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट तपासला पाहिजे. ज्यांना पूर्वी कामच दिले नाही त्यांच्याकडे अनुभव कोठून येणार? म्हणजे कालचा अन्याय आजच्या भावात मिसळतो आणि त्यालाच आपण बाजारभाव म्हणतो. कियारेलींनी आपल्या मानधनातील वाटा देऊ केला, तोही लिम यांनी नाकारला. आपल्या श्रमाचे मोल गोऱ्या सहकाऱ्याच्या औदार्यावर अवलंबून असू नये, अशी त्यांची भूमिका होती. कामगार चळवळीत वाढलेल्या कोणालाही ही भूमिका परकी वाटणार नाही.

एका चित्रपटाने चित्र पालटले असे मानण्याचे कारण नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २००७ ते २०१९ या काळातील १,३०० लोकप्रिय चित्रपट तपासले. आशियाई वा पॅसिफिक द्वीपवासी वंशाचा प्रमुख नट त्यांपैकी केवळ ४४ चित्रपटांत आढळला, आणि त्यांतील १४ चित्रपट ड्वेन जॉन्सन या एकाच नटाचे होते. तरीही वेगळी वाट दिसते. २०१९ च्या ‘ऑलवेज बी माय मेबी’चा नायक वडिलांबरोबर वातानुकूलन यंत्रांची कामे करतो, त्याच वर्षीच्या ‘यस्टरडे’ या ब्रिटिश चित्रपटाचा भारतीय वंशाचा नायक गोदामात काम करतो. प्रेम करण्यासाठी दोघांनाही राजवाडा लागत नाही. त्या तरुण मित्राने हे दोन चित्रपट जरूर पाहावेत.

तेव्हा आपली भूमिका काय असावी? प्रतिनिधित्वाची मागणी हे मध्यमवर्गीयांचे खूळ आहे, असे म्हणून तिला झटकून टाकू नये. माणसाला प्रेमास अपात्र ठरविणे हा त्याला पूर्ण मजुरी नाकारण्याच्या व्यवहाराचाच भाग होता, हे इतिहास सांगतो. त्याचबरोबर चार श्रीमंत चेहरे पडद्यावर आले म्हणजे समता आली, या समजुतीलाही बळी पडू नये. २०२३ साली हॉलिवूडच्या लेखकांनी १४८ दिवस आणि नटांनी ११८ दिवस संप केला. वंशभेद हा त्या संपांचा मुख्य मुद्दा नव्हता. परंतु किमान दर आणि कामाची हमी संघटनेच्या बळावर मिळते तेव्हा तिचा लाभ सर्वांत आधी त्यालाच होतो, ज्याच्यापाशी दाखविण्यासारखा पूर्वानुभव नसतो. म्हणून संस्कृतीचा प्रश्न आणि संघटनेचा प्रश्न यांची फारकत आपण करू नये.

फाटकावरच्या त्या पहारेकऱ्यालाही घर असेल, त्याचीही कोणी वाट पाहत असेल. त्याची गोष्ट सांगणारी सुखात्मिका ज्या दिवशी निघेल आणि ती लिहिणाऱ्याला पुरते दाम मिळेल, त्या दिवशी दार उघडले असे मी म्हणेन.